कर्नलसाहेबांची नवी पलटण

सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, जनार्दन मेस्त्रींचं शिंप्याचं दुकान होतं. देवरुखच्या या माणसाने पंधरा वर्षं भारतीय सैन्यात हवाई छत्र्या शिवल्या, आणि निवृत्तीनंतर ओमानात येऊन पुरुषांचे पायघोळ डिशडाशे शिवायला घेतले.

२०१६च्या मार्चमध्ये एक उंच येमेनी गृहस्थ लंगडत आले. शिवून झालेला डिशडाशा हातात घेऊन त्यांनी आधी खिसा उलटा केला आणि टाके निरखले.

"काही चुकलं का, अर्बाब?" मेस्त्रींनी आपल्या दुकानदारी अरबीत विचारलं.

"हा शिंप्याचा टाका नाही. हा छत्री शिवणाऱ्याचा हात आहे."

इतक्या वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. मेस्त्रींनी हसत स्टूल पुढे सरकवलं, कावा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला, आणि ते गृहस्थ, कर्नल नूरुद्दीन, बोलते झाले.

अठराव्या वर्षी पहिल्याच उडीला ते थेट बकऱ्यांच्या कळपात उतरले. मालकाने काठी घेऊन त्यांना मैलभर पळवलं. पुढे तीनशे उड्या झाल्या, छत्रीधारी पलटण त्यांच्या हाताखाली आली. मग देशात यादवी पेटली आणि पलटणीचे दोन तुकडे झाले. त्यांचाच दुय्यम अधिकारी हारून पलीकडे गेला. एके दिवशी हुकूम आला, हारूनची माणसं दबा धरून बसलीत ती वस्ती तोफांनी उडवा. वस्तीत बायकापोरं होती. कर्नलनी तोफा थांबवून वायरलेस उचलला.

"हारून, तुला विमानातून पहिल्यांदा मीच ढकललं होतं. आज बायकापोरं बाहेर काढायला मला सहा तास दे."

हारूनने दिले. वस्ती रिकामी झाली. त्या गडबडीत भिंत कोसळून कर्नलचा पाय मोडला, आणि हुकूम मोडला म्हणून हुद्दाही गेला. मग ते ओमानात जावयाकडे राहायला आले.

"पस्तावता का?" मेस्त्रींनी विचारलं.

"पायापुरता. इथे जिने फार आहेत."

असा माणूस जावयाच्या घरी दिवसभर टीव्हीसमोर बसतो, हे मेस्त्रींना पटेना. त्यांच्या ओळखीचा खेडचा महमूद रुसैलच्या एका कारखान्यात फोरमन होता. तिथे उंचावर काम करणाऱ्यांसाठी सुरक्षा पट्टे बनत, आणि ते बांधायला शिकवणारा माणूस हवा होता.

"कर्नल कशाला? साधा माणूस दे," महमूद कुरकुरला.

"एकदा उभं तर कर त्यांना."

पहिल्या दिवशी तीस कामगार ढिले पट्टे लटकावून उभे होते. कर्नलनी लंगडत प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून पाहिला, मग आपला पट्टा एका हेल्परला तपासायला लावला. महिन्याभरात महमूदचा फोन आला, "जनार्दनभाऊ, माझी माणसं आता बसमध्येसुद्धा रांगेने चढतात."

२०१८मध्ये येमेनच्या सीमेकडच्या सलालाहून कर्नलना हारूनचा निरोप आला. तोही लढाई सोडून निघाला होता आणि काम शोधत होता. शुक्रवारी मेस्त्री कर्नलना घेऊन रुवीच्या बसस्टँडवर गेले. हारून उतरला आणि जागच्या जागी थबकला. कर्नलनी पुढे होऊन त्याची कॉलर नीट केली.

"उशीर केलास. रविवारी सकाळी सात वाजता रुसैलला हजर हो."

हारूनने त्यांना मिठी मारली. परतीच्या वाटेवर दोघे मागच्या सीटवर इतकं भरभर बोलत होते, की मेस्त्रींना निम्मंच कळलं. त्यांनी गाडी मुद्दाम हळू चालवली.