औषधाचा टप

आपल्या चुकीची माफी दुसऱ्यानं मागावी आणि आपण ती गुमान पदरात पाडून घ्यावी, असं तुमच्याकडून कधी झालंय का?

टपवाल्या मावशीकडून झालं.

उसाच्या रोपवाटिकेतला बेण्याचा टप बावीस वर्षं तिच्या ताब्यात. एकेका डोळ्याच्या कांड्या बुरशीच्या औषधात बुडवायच्या, निथळायच्या, ट्रेमध्ये लावायच्या. आपल्या हातची कांडी वाया जात नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मग रोपवाटिकेच्याच प्रयोगशाळेतली एक बाई बाटल्या घेऊन आली. बाटलीत जिवाणू. हवेतला नत्र ते उसाला मिळवून देणार, म्हणून युरिया निम्माच घालायचा.

"म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्यांचीही आता हजेरी लावायची," मावशी म्हणाली. बायका खिदळल्या. बाटलीबाईही हसली.

"मावशी, एवढंच सांभाळा. आधी औषध, मग कांड्या सुकू द्या, मग दुसऱ्या टपात हे. औषधात मरतात बिचारे."

"बुडवायला तू शिकवणार मला?"

लावणीच्या दिवशी माणसं कमी, कांड्यांचा ढीग. मावशीनं बाटल्या सरळ औषधाच्या टपात उपड्या केल्या. दोनदा बुडवायचं काम एकदाच. वर स्वतःच्या हुशारीवर खूश.

निम्म्या युरियावरची रोपं पाच आठवड्यांत पिवळी पडली. मालकानं बाटलीबाईला सगळ्यांसमोर उभं केलं. तिनं हळूच विचारलं, "मावशी, टप वेगळा होता ना?"

"होता की."

"मग माझीच बाटली खराब निघाली. माफ करा मावशी, तुमची मेहनत फुकट गेली."

मावशीनं मान डोलावली. नुसती डोलावली.

बाटल्या बंद झाल्या. बाईला पोत्यांना चिठ्ठ्या लावायला बसवलं. तरी जाता-येता ती विचारायची, "मावशी, चहा झाला का?" मावशीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेडच्या गारव्यात एक बाटली उरली होती. मावशीनं घरून कोरी बादली आणली आणि दहा कांड्या सांगितल्याप्रमाणे लावल्या. युरिया निम्मा. रोज पाणी घालताना पुटपुटायची, "पिवळ्या पडा गं बायांनो, पिवळ्या पडा." पडल्या असत्या तर सुटली असती. पण मेल्या हिरव्यागार झाल्या.

भर दुपारी, मालक समोर असताना, तिनं तो ट्रे चिठ्ठ्यांच्या टेबलावर ठेवला.

"टप एकच होता. मी खोटं बोलले."

बाईनं एक हिरवं पान बोटांत धरून पाहिलं. "मी तुमची माफी मागितली होती, मावशी."

"तीच परत करायला आलेय."

मावशीची मान वर काही होईना.

बाई प्रयोगशाळेत परत गेली. बाटल्या सुरू झाल्या, टप दोन झाले. चहाचं मात्र ती आता विचारत नाही, आणि मावशीही त्या बाजूला बघत नाही.

म्हणून सांगते. तुमच्यापुढे कुणी मान खाली घालून उभं असेल, तर त्याची माफी घेण्याआधी जा आणि आपला टप एकदा हुंगून या.