अकरा ओळींची दुरुस्ती

बहारीनला, मनामातल्या आमच्या ऑफिसात आम्ही सहा प्रोग्रामर होतो आणि तपासणीसाठी मशीन एकच. दवाखान्यांना लागणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. ज्यानं त्यानं आपली दुरुस्ती फ्लॉपीवर घालायची, चिठ्ठी चिकटवायची आणि मशीन सांभाळणाऱ्या भाईंच्या टेबलावर ठेवायची. भाई त्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र मशीनवर चढवत. दुपारी एक ते चार ऑफिस बंद असे, तेवढ्या वेळात टेस्ट चालत. चारला परत आलं की प्रिंटरमधून लोंबणारा कागद बघायचा. सगळं पास झालं तरच दुरुस्त्या मूळ प्रोग्रामात जायच्या. एकाचं चुकलं की सगळ्यांच्या फ्लॉप्या परत.

भाई रत्नागिरीकडचे, चाळिशी ओलांडलेले. मी अकोल्याची. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून ते मला बाय म्हणत.

दोन हजार साल जवळ येत होतं. वर्षाचे दोन आकडे होते तिथे चार करायचे, या कामानं सगळ्यांना झपाटलं होतं. त्यातच बुदैया रस्त्यावरच्या एका दवाखान्यातून फोन आला, की एका बाईचा शुगरचा रिपोर्ट दुसऱ्याच बाईच्या कागदावर छापून आला. मी प्रोग्राम उघडून बघितला. आमच्यापैकी कुणीतरी कधीकाळी रिपोर्ट नाव आणि तारीख बघून जुळवला होता, फाइल नंबर बघून नाही. म्हणजे एकाच दिवशी एकाच नावाच्या दोघी आल्या की घोळ. आणि बहारीनमध्ये तीच ती नावं किती! मी अकरा ओळी बदलल्या आणि फ्लॉपी भाईंना दिली.

चारला कागद बघितला तर नापास. माझं बरोबर होतं, पण वर्षाच्या कामातली कुठलीशी तारीख चुकत होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

मी म्हटलं, "भाई, माझी एकटीची लावून बघा ना. बाकीच्यांच्या काढून ठेवा."

"साहेबांनी सांगितलंय, वर्षाचं काम मशीनवरून उतरवायचं नाय. मी काय करू, सांग?"

"मग टेस्ट न करताच टाका. अकरा ओळी तर आहेत."

त्यांनी चष्मा काढला. "अकरा ओळींनी पण माणूस मरतो, बाय. पास झाल्याबिगर मी काय आत घेणार नाय."

मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. निदान दवाखान्याला सावध तरी करू, म्हटलं. ते म्हणाले, क्लायंटला उगाच घाबरवायचं नाही, सगळं एकदमच पाठवू. मी माझ्या जागेवर येऊन बसले. दुसरं काही करण्यासारखं मला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर नोकरी जाईल याचीही भीती होती. माझा व्हिसा त्या कंपनीचा होता.

पुढच्या आठवड्यात भाई केशराच्या हलव्याचा डबा घेऊन आले. त्यांची बायको तेव्हा व्हिजिट व्हिसावर आली होती. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नव्हतं. डबा माझ्यापुढे धरून ते अगदी हळू म्हणाले, "हिची तपासणी केली काल. दिवस गेलेत."

मी अभिनंदन केलं, हलवा तोंडात टाकला, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?"

"बुदैया रस्त्यावरच्या. आपलाच प्रोग्राम आहे की तिथे."

वहिनींचं नाव मला ठाऊक होतं. त्या नावाच्या बायका इथे गल्लोगल्ली. रिपोर्ट बरोबरही असेल, बहुतेक असेलच, असं स्वतःला सांगत मी तासभर काढला. त्या तासात भाई टेबलाटेबलावर जाऊन डबा फिरवत होते. शेवटी मी उठले.

"भाई, वहिनींची पुन्हा एकदा तपासणी करा. दुसरीकडे."

"का?" म्हणाले, आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांची नजर त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमधल्या माझ्या फ्लॉपीवर गेली. चिठ्ठीवर मीच लिहिलं होतं: एकाच नावाच्या पेशंटचे रिपोर्ट बदलतात.

दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि रोजच्यासारखे मशीनपाशी जाऊन बसले. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "खलास, बाय. दुसरीच कोणतरी होती."

मला वाटलं, आता तरी माझी फ्लॉपी ते आधी घालतील. मी तसं बोललेही. त्यांनी मान हलवली. "माझ्या घरातलं झालं म्हणून नियम मोडू? घाईत आणखी कुणाचं बिघडलं तर?" त्यांचा मला इतका राग आला की मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. ते चुकत होते असं तेव्हाही म्हणता आलं नाही, आजही येत नाही.

आणखी पाच दिवसांनी कागद पास आला. माझ्या अकरा ओळी मूळ प्रोग्रामात गेल्या. ऑफिसात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण वर्षाचं काम पुरं झाल्याचा आनंद मोठा होता.

वहिनी परत निघायच्या आधी मी त्यांना भेटायला गेले. भाईही घरीच होते. वहिनींनी चहा केला, भाजलेले काजू पुढे ठेवले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चूक तूच शोधलीस म्हणे."

"हो."

"मग लगेच का नाय सुधारलीस?"

मी सांगायला लागले. एक मशीन, सहा माणसं, सगळ्यांचं एकत्र तपासायचं, एकाचं चुकलं की सगळ्यांचं थांबतं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटू लागलं.

"आणि ती दुसरी?" वहिनींनी मधेच विचारलं. "तिच्या कागदावर दिवस नाय गेले असं छापून आलं असेल ना? तिला कुणी सांगितलं काय?"

मी दवाखान्यात दोनदा फोन केला होता. पेशंटची माहिती बाहेरच्यांना देत नाही, असं मला सांगितलं गेलं होतं. मॅनेजरनाही विचारलं होतं, त्यांनी टाळलं होतं.

"कळवतील, इंशाल्ला," भाई म्हणाले.

वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, "मला माहीत नाही, वहिनी."