सांगलीहून मागवलेलं पुडिंग

माझे वडील फौजेत स्वयंपाकी होते. हे साधं वाक्य लग्नानंतरही कितीतरी वर्षं मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

आमचं गाव कडेगाव तालुक्यातलं. ऊस, म्हशी, आणि दर दोन-तीन घरांआड एक मिलिटरीवाला. पेन्शनीवर आलेली माणसं पारावर बसून बर्फातल्या चौक्यांच्या, गोळीबाराच्या गोष्टी सांगायची. वडील, म्हणजे आमचे आण्णा, तिथं बसायचे, हसायचे, पण सांगायचे काहीच नाहीत. वीस वर्षं ते अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये होते. त्यांनी ते कधी लपवलं नाही आणि मिरवलंही नाही. लपवलं आम्ही. मी सातवीत असताना वर्गातली एक मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "हिचा बाप मिलिटरीत भाकऱ्या थापायचा म्हणं." सगळा वर्ग खिदळला. त्या दिवसापासून कुणी विचारलं की मी एवढंच सांगायची, "फौजेत होते."

पेन्शनीवर आल्यावर आण्णा वावरात राबायला लागले. चुलीपुढे ते क्वचितच बसत, कारण आजूबाजूच्या बायका हसायच्या आणि आईला ते सोसायचं नाही. पण मे महिन्यात आत्या, मावश्या, त्यांची पोरं असा गोतावळा जमला की एक दिवस आण्णांचा असायचा. त्या दिवशी ते ट्रंक उघडून फौजी कांबळ्यात गुंडाळलेली दोन मोठी काचेची भांडी बाहेर काढत. मेस सोडताना साहेबांनी त्यांना दिलेली. त्यात ते थरांचं पुडिंग लावायचे.

भट्टी नाही, शेगडी नाही. दूध उकळण्यापुरती चूल, बाकी सगळा गारव्याचा कारभार. घरात फ्रीज नव्हता. विट्याहून बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून, भुशात घालून एस.टी.नं यायची, ती मोठ्या घमेल्यात फोडून ठेवायची आणि भांडी त्यात रोवायची. तळाला ग्लुकोजची बिस्किटं आंब्याच्या पातळ रसात बुडवून अंथरायची. त्यावर आंब्याच्या आणि चिकूच्या फोडी, आणि लिंबू पिळलेल्या केळ्याच्या चकत्या, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. मग कस्टर्ड, तेही पूर्ण निवलेलं. त्यावर साय धरू नये म्हणून आण्णा ते गार पाण्याच्या परातीत ठेवून सारखं ढवळत बसायचे. मग डाळिंबाच्या रसात शिजवलेल्या चायना ग्रासचा लालभडक, जेलीसारखा थर. आणि सगळ्यात वर बर्फावर घुसळून हलकी केलेली साय.

"प्रत्येक थर बसू द्यायचा," ते मला सांगायचे. "गडबड किली की समदं एकात एक. मग त्येला पुडिंग न्हाई, काला म्हनायचं."

लहानपणी मला तो दिवस फार आवडायचा. सातवीनंतर तो नकोसा वाटायला लागला. आण्णा कमरेला पांढरं फडकं गुंडाळून बसले की मी दार लोटून घ्यायची.

मी बी.ए. झाले आणि साताऱ्याचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मध्यस्थी चुलत्यांनी केली होती. बैठकीला जाऊन आल्यावर त्यांनी आण्णांना बाजूला घेतलं. मी आतून ऐकत होते.

"हवालदार होता, बॉर्डरला होता, असं सांगितलंय मी. त्यांचा मानूस सुभेदार हाय. कूक म्हनलं तर नाक मुरडायचा. तू आपला गप ऱ्हा."

"व्हय," आण्णा म्हणाले.

एवढंच. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

सुपारी मेच्या मध्यावर ठरली. जेवणाला पुरणपोळी की जिलेबी यावर घरात चार दिवस वाद चालला होता. आण्णा त्यात पडले नाहीत. पाचव्या दिवशी जेवता जेवता ते म्हणाले, "गोड मी करनार. पोरीच्या सुपारीला माझ्या हातचं पायजेल."

आई म्हणाली, "आवं, लोक काय म्हंतील? बाप्या मानसानं..."

"लोकांना कशाला सांगायचं कुनी केलं ते? खातील आन जातील."

तेव्हा ते असं म्हणाले होते खरं. पण त्यांना ते खरोखर तसंच हवं होतं का, हा विचार मी पुढं अनेकदा केला.

आदल्या दुपारपासून ते कामाला लागले. काचेची दोन भांडी सोयऱ्यांसाठी आणि बाकीच्यांसाठी स्टीलच्या पसरट परातींत. पडवीला ताडपत्री बांधून सावली केली होती, तरी झळा येत होत्या. बर्फ बघता बघता वितळायचा. आण्णा घमेलं उपसून पुन्हा बर्फ भरायचे, ओल्या पोत्यांनी झाकायचे, तासाभरानं बोटाच्या टोकानं थर दाबून बघायचे. मी दोनदा चहा घेऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मला बसवून घेतलं, चायना ग्रासचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वत. चमच्याच्या पाठीवरनं वत, म्हंजी खालच्याला भोक पडत न्हाई." मी ओतलं. लाल रस पिवळ्यावर हळूहळू पसरत गेला. आण्णांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. "तुझ्या लग्नात शंभर मानसाचं करू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याची माणसं आली. साडी-चोळी, ओटी, सुपारी फुटणं, सगळं व्यवस्थित पार पडलं. पंगत बसली. शेवटी मी आणि चुलतीनं वाट्या फिरवल्या. काचेचं भांडं मधोमध ठेवलं होतं. त्यातले थर बघायला बायका पुढं वाकत होत्या. सासऱ्यांनी एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, पुन्हा एक घातला.

"असलं पुडिंग मी फक्त ऑफिसर्स मेसमध्ये खाल्लंय," ते म्हणाले. "तेही कुठं पार्टी असली तरच. पोरी, तू केलंस का?"

माझ्या हातात ट्रे होता. चुलते माझ्याकडे रोखून बघत होते. मी केलं म्हटलं असतं तर पुढं विचारलं असतं, कुठं शिकलीस? आणि वडिलांनी शिकवलं म्हटलं असतं तर सगळंच उघड झालं असतं.

"नाही," मी म्हणाले. "सांगलीहून मागवलंय."

"सांगलीत असलं मिळतं? कमाल आहे."

मी वळले तर आण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. खांद्यावर पांढरं फडकं, हातात वाढायची मोठी पळी. किती वेळचे उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. परक्या घरी चुकून शिरलेला माणूस बघतो तसं बघितलं आणि आत गेले.

पाहुणे गेल्यावर मी परसात गेले. ते काचेची भांडी राखेनं घासत होते. मी म्हणाले, "आण्णा, द्या, मी घासते."

"काचंचं हाय. तुज्या हातनं फुटंल." मग भांडं पालथं घालून म्हणाले, "जेवलीस का?"

मी हो म्हणाले. जेवले नव्हते. आमच्यात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

लग्न त्याच महिन्याच्या शेवटी झालं. गोडाला जिलेबी होती. शंभर माणसांच्या पुडिंगचा विषय कुणी काढला नाही.

सासर वाईट नव्हतं. साताऱ्याच्या घरात फ्रीज होता, सासूबाई प्रेमळ होत्या. त्यांना मी आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. पण पहिल्याच उन्हाळ्यात नणंदा पोराबाळांसह माहेरपणाला आल्या आणि आत्यांना पुडिंग आठवलं. "त्या सांगलीच्या दुकानाचं नाव काय गं? कुणी येणारं-जाणारं असलं तर मागवू या."

"ते दुकान बंद झालं," मी म्हणाले. एका खोट्यावर दुसरं चढलं.

मग मीच करायला घेतलं. साहित्य ठाऊक होतं, शिवाय घरात फ्रीज. काय अवघड आहे, असं वाटलं. कस्टर्ड कोमट असतानाच ओतलं. बिस्किटांचा लगदा झाला, फोडी वर तरंगल्या, लाल थर फाटून खाली उतरला. पोरांनी खाल्लं. मोठी नणंद हसत म्हणाली, "चव चांगली आहे, वहिनी. डोळे मिटून खायचं."

मी आण्णांना पत्र लिहिलं. बाकी खुशाली लिहून शेवटी विचारलं की कस्टर्ड किती घट्ट हवं, आणि चायना ग्रास कधी ओतायचं. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, त्यांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरातलं. म्हैस व्याली, ऊस बरा आहे, आईचे गुडघे दुखतात, सर्वांना नमस्कार. आणि खाली एक ओळ: पुडिंगचे सांगलीस विचारावे.

ते कार्ड मामांनीच पोस्टमनकडून घेतलं होतं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. "बरोबर आहे," ते म्हणाले, "दुकानदाराच्या घरी विचार, सांगेल." मी मान डोलावली आणि आत जाऊन भांड्यांचा आवाज करत बसले.

ती ओळ त्यांनी रागानं लिहिली होती, की पोस्टकार्ड सगळे वाचणार हे ओळखून माझं खोटं सांभाळायला लिहिली होती, हे मला आजही माहीत नाही. काही दिवस मला पहिलं खरं वाटतं आणि काही दिवस दुसरं. दुसरं खरं वाटतं ते दिवस जास्त जड जातात.

त्यानंतर मी माहेरी जायची ती सणावारी, दोन-दोन दिवसांसाठी. दर वेळी वाटायचं, आज बोलू. आण्णा शेतात असायचे, नाहीतर नातवाला खांद्यावर घेऊन गावातून फिरत असायचे. मामाही अधूनमधून माझ्या माहेरी येऊन जायचे. दोघं म्हातारे पडवीत खुर्च्या टाकून बसायचे आणि पाऊस, उसाचा दर, गुडघेदुखी याबद्दल बोलायचे. फौजेचा विषय निघाला की आण्णा काहीतरी काम आठवून उठायचे. मामा मला म्हणायचे, "तुझे वडील फार अबोल."

माझा मुलगा चार वर्षांचा झाला त्या वर्षी आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं जड झालं. मी मेमध्ये महिनाभर जाऊन राहिले. तोवर माझ्या भावानं घरात छोटा फ्रीज घेतला होता. एका दुपारी मी ट्रंक उघडून काचेचं भांडं काढलं आणि आण्णांच्या खाटेशेजारीच सगळं मांडून बसले. त्यांना दिसेल असं. ते बघत राहिले. कस्टर्ड मी पुरतं गार केलं. प्रत्येक थराला तास दिला. साय घुसळताना मात्र जोर जास्त झाला आणि तिचं लोणी सुटायला लागलं. आण्णांनी डावा हात उचलला.

"फुरं," ते म्हणाले. मला आधी कळलं नाही. मग कळलं, "पुरे" म्हणताहेत.

मी थांबले. संध्याकाळी त्यांना चमच्यानं भरवलं. त्यांनी दोन चमचे खाल्ले. तिसऱ्याला तोंड फिरवलं. ओठाच्या कडेनं ओघळलेलं मी पदरानं पुसलं आणि म्हणाले, "आण्णा, सुपारीच्या दिवशी मी जे बोलले ना..."

त्यांनी डोळे मिटले. दारातून आई म्हणाली, "आता कशाला ते उकरून काडतीस? पडू दे त्येन्ला."

मी वाटी उचलली. त्याच श्रावणात आण्णा गेले.

तेराव्यानंतर साताऱ्याला परतले. एका सकाळी मामा अंगणात पेपर वाचत होते आणि मी शेंगा निवडत होते. कुणी काही विचारलं नव्हतं. मीच बोलायला लागले. आण्णा हवालदार नव्हते. मेसमध्ये कूक होते. सुपारीचं पुडिंग त्यांनी केलं होतं, दोन दिवस बर्फापाशी बसून. सांगलीत तसलं दुकान कधीच नव्हतं.

मामांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, चिडतील. निदान चुलत्यांना तरी शिव्या देतील.

"कूक होते?" ते म्हणाले. "मग त्यात लपवायचं काय होतं? आम्ही वर चौकीवर असताना डाळ गरम मिळाली तर दिवस निघायचा. कुकाला आम्ही काय मानायचो, तुला काय ठाऊक." मग म्हणाले, "सांगायला पाहिजे होतंस गं. एवढ्या वेळा शेजारी शेजारी बसलो. दोन गोष्टी बोललो असतो."

मला रडू येईना. शेंगा तशाच हातात राहिल्या.

"कुठं कुठं होते ते?" मामांनी विचारलं. "पंजाबात? आसामात? मेस कुठल्या गावाला होती?"

मी आठवायला लागले. ट्रंकेवर काहीतरी इंग्रजी अक्षरं होती, अर्धी खरवडलेली. लहानपणी त्यांची पत्रं यायची, त्यावर गावाचं नाव नसायचं, फक्त आकडे असायचे. सुट्टीवर आले की ते कुठल्या तरी थंड प्रदेशातल्या सफरचंदांबद्दल सांगायचे, पण ते नेमकं कुठलं हे मी कधी विचारलं नव्हतं. वीस वर्षं ते कुठल्या गावांत, कुणासाठी, कसल्या थंडीत रांधत होते, यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

"मला नाही माहीत, मामा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पेपर पुन्हा उचलला. पण ते वाचत नव्हते.