कल्लिरोई वर जात नाही

कास्त्रो गाव कड्याच्या अगदी टोकाला आहे. घरांच्या मागच्या भिंती जिथे संपतात तिथे जमीनही संपते आणि थेट खाली एजियन समुद्र लागतो. जगाच्या पाठीवरून कुठून कुठून लोक बोटीने, मग बसने येतात ते हा कडा बघायला. त्या गावात जन्मलेल्या, वाढलेल्या आणि तिथेच दिलेल्या कल्लिरोईला उंचीची भीती वाटायची.

साधीसुधी नाही. कठड्यापाशी गेलं की तिच्या पायांत गोळे यायचे, तळव्यांना घाम सुटायचा आणि कुणीतरी मागून हळूच ढकलतंय असं वाटायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? कोळ्याच्या पोरीने मासळीचा वास सोसत नाही म्हणावं, तशातलीच गत. नवरा निकितास हयात होता तेव्हा त्यालाही पत्ता लागला नाही. ती पलंगावर कायम खिडकीपासून लांब झोपायची. आपल्या घोरण्यामुळे, असं तो समजायचा. बिचाऱ्याने घोरण्यावर नाना औषधं केली.

चौकात तिची खानावळ होती. पाहुणे विचारायचे, "समुद्र दिसेल असं टेबल आहे का?"

"नाही. भिंत दिसेल असं आहे."

सशाचा रस्सा आणि हातशेवया चांगल्या असायच्या, म्हणून लोक भिंतीकडे बघत जेवायचे.

खरी पंचाईत ऑगस्टच्या पंधराला व्हायची. गावाच्याही डोक्यावर, आणखी उंच, मारियामातेचं चर्च आहे. तिकडे जाणारी पायऱ्यांची वाट नागमोडी. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा आणि पलीकडे नुसती हवा. त्या दिवशी अख्खं गाव वर जातं आणि माउलीची तसबीर खांद्यावर घेऊन वाजतगाजत खाली येतं. कल्लिरोई कधीच गेली नाही. एखाद्या वर्षी भट्टीत पाव असायचे, एखाद्या वर्षी गुडघा धरायचा, नाहीतर सासू आजारी असायची. सासू वारल्यानंतरही ती दोनेकदा आजारी पडली.

गावाने आपला अर्थ लावला. तिची बालमैत्रीण एव्दोकिया लोकांना दबक्या आवाजात सांगायची, "तिने माउलीला तोंड न दाखवण्याची शपथ घेतलीय." का, असं विचारलं की म्हणायची, "ते माझ्या तोंडून नको." तिला काहीच ठाऊक नव्हतं. पण त्यामुळे कल्लिरोईला गावात एक वजन आलं. एवढं मोठं पाप पोटात ठेवून रोज शेवया वळणारी बाई, म्हणून लोक तिच्याशी जरा अदबीने वागायचे.

त्या वर्षी हान्नेके नावाची एक डच बाई नवऱ्याबरोबर उत्सव बघायला वर गेली. तिच्या देशात डोंगर नाहीत. उंच म्हणजे पूल. चढताना नजर वर होती, म्हणून निभावलं. परतताना ती मिरवणुकीच्या थोडी पुढे निघाली, दुसऱ्या वळणावर तिने खाली पाहिलं, मटकन बसली आणि डोंगराला मिठी मारली. मागून ढोल, सनई, तसबीर, धर्मगुरू पापा-लुकास आणि सगळं गाव येऊन थांबलं. वाट अरुंद. बाईला ओलांडून तसबीर पुढे नेता येईना.

नवऱ्याने समजावलं. ती ऐकेना. मग पोलीस लेफ्तेरिसने तिला काखेत हात घालून उचलायला पाहिलं.

"पापा, चावली," त्याने अंगठा दाखवत सांगितलं.

"असू दे. सण आहे."

परदेशी लोकांशी कल्लिरोई बोलते, हे कुणाला तरी आठवलं. एव्दोकिया कठड्यावरून ओणवी झाली आणि चौकाकडे बघून ओरडली, "कल्लिरोई! वर ये गं! इथे एक बाई अडकलीय!"

खानावळीच्या दारातून उत्तर आलं, "माझी भट्टी पेटलीय!"

"धूर कुठाय?"

"गुडघा धरलाय माझा!"

"काल तर त्याच गुडघ्यांवर बसून फरशी घासत होतीस!"

मग पापा-लुकास स्वतः पुढे आले. "कल्लिरोई," ते म्हणाले, "माउली उन्हात उभी आहे गं."

तिने एप्रन सोडला आणि निघाली. डोंगराकडे तोंड, दोन्ही हात भिंतीला, खेकड्यासारखी आडवी सरकत. वरच्या लोकांना तो पश्चात्ताप वाटला. "शपथ मोडतेय," एव्दोकिया पुटपुटली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

हान्नेके बसली होती त्या वळणापाशी कल्लिरोईच्या टाचेखालून एक खडा निसटला आणि कठड्याच्या फटीतून पलीकडे गेला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही. कल्लिरोई खाली बसली आणि तिने हान्नेकेला घट्ट धरलं. आता वाट दोघींनी अडवली होती.

"तिला उठव," पापा-लुकास म्हणाले.

"मलाच उठवा कुणीतरी."

"तुला काय झालं?"

"भीती वाटतेय."

"कशाची?"

"कशाची काय विचारता? खाली बघा की!"

गावाने खाली पाहिलं. कित्येकांनी कैक वर्षांत पहिल्यांदाच. बरेच जण कठड्यापासून आत सरकले. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला.

एव्दोकिया पुढे घुसली. "म्हणजे पाप नाही?"

"कसलं पाप?"

"आणि शपथ?"

"कसली शपथ गं बाई! मला गरगरतं."

एव्दोकियाचा चेहरा असा उतरला, जणू घरातलंच कुणी गेलं.

मग कल्लिरोईने हान्नेकेची हनुवटी धरून तिचं तोंड डोंगराकडे वळवलं आणि खानावळीतल्या इंग्रजीत सांगितलं, "भिंत. फक्त भिंत." भिंतीच्या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. दोघी बसल्या बसल्या, एकमेकींना धरून, एकेक पायरी खाली सरकू लागल्या. सणाचे कपडे, ऊन, धूळ. त्यांच्यामागे त्याच गतीने माउली, पापा-लुकास आणि अख्खं गाव. तसबीर धरणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा खांदे बदलले. गुपचूप सरकणं बरं दिसेना, म्हणून वाजंत्री सुरू झाली. स्तोत्र संपलं, ते परत पहिल्यापासून म्हटलं. इतकी भाविक, सावकाश मिरवणूक आपण पाहिली नव्हती, असं म्हातारे अजून सांगतात. कारण मात्र सांगत नाहीत.

चौकात पोचल्यावर दोघी उठल्या आणि त्यांनी कपडे झटकले. हान्नेकेचा स्कर्ट मागून पार झिजला होता. कल्लिरोईने तिच्या कमरेला आपला एप्रन गुंडाळला आणि तिला जेवायला वाढलं.

"तुम्ही इथेच राहता?" हान्नेकेने विचारलं.

"हो."

"कायम?"

"हो."

हान्नेके बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग तिने आणखी शेवया मागितल्या.

त्यानंतर गावातली अदब गेली. लोक रश्शात मीठ कमी आहे असं तोंडावर सांगू लागले. एव्दोकिया काही दिवस फिरकलीच नाही. मग एका सकाळी येऊन बसली. "लोकांना मी काय काय सांगून ठेवलंय! आता कुठल्या तोंडाने फिरू?"

"मी सांगितलं होतं का सांगायला?"

"तू नाही तरी कुठे म्हणालीस?"

हे खरं होतं. कल्लिरोईने कॉफी ठेवली. तिला स्वतःला मात्र हलकं वाटत होतं. वर न जाण्याच्या सबबी तशाही संपत आल्या होत्या.

पुढच्या वसंतात दक्षिणेचा वारा सुटला आणि कड्यावर असं दाट धुकं उतरलं, की चौकातून चौक दिसेना. दुकानं बंद, पाहुणे खोल्यांत हिरमुसून बसलेले. कल्लिरोईने डोक्याला रुमाल बांधला, तेलाची बाटली घेतली आणि एकटीच वर गेली. माउलीपुढचा दिवा लावला, थोडी बसली आणि पायांवर चालत खाली आली.

एव्दोकिया दारातच उभी होती. "गेलीस? कसं वाटलं वर?"

"छान आहे," कल्लिरोई म्हणाली. "काही दिसत नाही."