काकांची पीएचडी आणि माझी आठवी

लालबागच्या आमच्या चाळीत लोक देवाखालोखाल कुणाला भीत असतील, तर माझ्या समोरच्या खोलीतल्या काकांना. देव निदान तारीख आधी सांगत नाही. काका एका विमा कंपनीत जन्मभर कारकून. कुठल्या वयात माणसं किती टिकतात, याचे तक्ते त्यांना तोंडपाठ. तळमजल्यावरच्या मावशींनी साठीचे पेढे वाटले, तर पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "वा! सरासरीने अजून वीसेक निघतील." मावशी कडाडल्या, "मेल्या, थूक तो पेढा!" तेव्हापासून चाळीत कुणी त्यांच्यासमोर वाढदिवस करत नाही. काका जिना उतरताना रोज पायऱ्या मोजतात, कारण "घसरणारा माणूस शेवटच्या पायरीला गाफील असतो." रस्ता ओलांडायचा तर काठीवाली आजी शोधून तिच्या मागे उभे राहतात, गाड्या तिच्यासाठी थांबतात, आपण फुकटात पार. एकदा ती आजी नुसतीच भाचीची वाट बघत उभी होती. काका अर्धा तास तिच्या पाठीशी. शेवटी तीच वळून म्हणाली, "काय रे, पाकीट मारतोस?"

असे हे काका रिटायर झाले आणि विमागणितात पीएचडी करायची म्हणून दूरच्या एका विद्यापीठाला अर्ज करायला बसले. ऐन उमेदीत घरच्या जबाबदारीपायी राहून गेलेली गोष्ट. 'आपणांस हे संशोधन का करायचे आहे' याचं उत्तर त्यांनी गॅलरीत उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलं. कुणीतरी ओरडलं, "काका, डिग्री मिळेपर्यंत राहाल ना?" काका गंभीरपणे म्हणाले, "शक्यता चांगली आहे. चौथ्या वर्षी थोडी घसरते."

अडलं ते शिफारसपत्रांवर. दोन हवी होती. एक जुन्या साहेबांनी दिलं. दुसरं प्राध्यापकांचं, पण "माझे सर तक्त्याप्रमाणे वेळेवर गेले." तर या गृहस्थांनी काय करावं? दुसरं नाव माझं दिलं! मी जतकडचा, आठवीतून शाळा सोडून आलेला, मसाला गल्लीत मिरची कांडपाच्या डंकावर कामाला. फॉर्मात शिफारस करणाऱ्याचं शिक्षण विचारलेलं. मी फॉर्म त्यांच्याकडे परत सरकवला. "काका, माझ्या आठवीपायी तुमची पीएचडी जाईल हो."

"तू खरं लिहितोस ना? मग लिही."

मी खरं तेच लिहिलं, घडलेला एक प्रसंग. गावी माझे वडील, तात्या, आजारी पडले तेव्हा मी काकांना विचारलं होतं, किती दिवस आहेत? साऱ्या चाळीचा हिशेब सांगणारा माणूस खुंटीवरची माझी पिशवी काढू लागला. मग म्हणाला, "तक्ता हजार माणसांचं सांगतो रे, एका बापाचं नाही. आजची एसटी पकड." आणि माझी पिशवी त्यांनीच भरली. तात्या भेटले, बोलले. शेवटी लिहिलं, 'यांना आकडे येतात, आणि आकडे कुठे थांबतात तेही येतं. शिक्षण : आठवी.' पाठवलं, आणि पंधरा दिवस नीट जेवलो नाही.

मुलाखतीत त्यांना म्हणे त्याच पत्रावर सगळ्यात जास्त विचारलं. प्रवेश मिळाला. मावशींनी स्वतः पेढे वाटले, वय न सांगता.

जायच्या सकाळी मी त्यांची ट्रंक धरली होती. मनात सलत होतं ते विचारून टाकलं. साऱ्या चाळीचं उरलेलं आयुष्य काढलंत, माझंच कधी काढलं नाहीत. मी बाहेरचा म्हणून?

"अरे, काढायला हजार माणसं लागतात," काका चपला शोधत म्हणाले. "तुझ्यासारखा एकच भेटला. कसं काढू?"

आणि बोलता बोलता जिना उतरूनही गेले. पायऱ्या त्या दिवशी मीच मोजल्या, त्यांच्या मागून, शेवटच्या पायरीपर्यंत.