गोदावरीने जोडलेला पाइप

वाईजवळच्या आमच्या गावात चार माजी सुभेदार होते आणि चौघांचीही हुकूम सोडायची खोड गेली नव्हती. त्यातले नानासो आमचे शेजारी. त्यांची मुलगी गोदावरी वाईच्या कॉलेजात होती. अंगाने पाप्याचं पितर, पण बापाचा एक हुकूम मानेल तर शपथ.

१९९४च्या डिसेंबरात कॉलेजच्या शिबिरातून ती एक नवं खूळ घेऊन आली. शेण उघड्यावर कुजलं की त्यातला वायू हवेत जाऊन पृथ्वी तापवतो, तोच कोंडून जाळला तर स्वयंपाक होतो आणि सरपणही वाचतं. पृथ्वीचं काय ते पृथ्वी बघेल, असं आम्हा गावकऱ्यांचं मत. पण गोदावरीचा जीव आईत अडकला होता. बनुबाईंचे डोळे चुलीच्या धुराने कायम सुजलेले, आणि धूर थांबला नाही तर खोकला जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नानासोंनी परसात गोबरगॅस बांधला, तो मात्र गावात पहिला म्हणून मिरवायला.

गॅस पुरेना. दोन म्हशी हगून हगून किती हगणार? भाकरी अर्ध्यावर आल्या की शेगडी विझे आणि बनुबाई पुन्हा चुलीपुढे. मग नानासो पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेले, त्या दिवशी गोदावरीने गवंडी बोलावून घरच्या संडासाचा पाइप त्याच टाकीला जोडला. बनुबाईंना ठाऊक होतं. त्यांनी गवंड्याला जेवूही घातलं.

तेव्हापासून शेगडी झकास पेटू लागली. रोज पाच वाजता सुभेदार मंडळी ओसरीवर चहाला जमत, मी फुकट्या असायचोच, आणि नानासो आपल्या म्हशींचे गोडवे गात. चार महिने गोदावरीने ऐकून घेतलं. एक दिवस तिला राहवेना.

“आवं नाना, म्हशींचं काय घिऊन बसलाय? त्यात आपल्या संडासाचंबी हाय की!”

नाथाजी सुभेदारांच्या तोंडात घोट होता. तो गिळावा की थुंकावा, हे त्यांना ठरवता येईना. माझा दुसरा कप संपलेला, त्यामुळे मला तोही पर्याय नव्हता. बघता बघता ओसरी रिकामी झाली.

पुढचे तीन दिवस कुणी फिरकलं नाही. नानासो भडकले. “पाइप तोडायचा! चहा चुलीवरच हुनार!” गवंड्याला निरोप गेला, मंडळींनाही गेला.

नवऱ्यापुढे कधी तोंड न उघडलेल्या बनुबाई म्हणाल्या, “तोडा. पर चूल तुमी पेटवा. माज्याच्यानं आता हुनार न्हाई.”

नानासो ईर्षेने चुलीपुढे बसले. लाकडं ओली. लढाई पाहिलेला तो माणूस नाकाडोळ्यांतून पाणी गाळत पाऊण तास फुंकत होता. मी खिडकीतून पाहून पोट धरून हसलो.

शेवटी ते खोकत बाहेर आले. डोळे पुसत बायकोला म्हणाले, “ह्ये रोज?”

“तेवीस वर्सं,” बनुबाई म्हणाल्या.

माझं हसू तिथंच थांबलं. मला स्वतःची लाज वाटली. बनुबाईंच्या खोकल्याने झोपमोड होते, म्हणून मी कितीदा भिंतीवर थापा मारल्या होत्या.

गवंडी पहार घेऊन आला. नानासोंनी त्याला बसवलं, गोदावरीला बाजूला सारलं आणि स्वतः शेगडीवर चहा ठेवला. ओसरीवर सगळे सुभेदार बघत असताना पहिला कप त्यांनी बनुबाईंच्या हातात दिला.