गप्पीची पिल्लं

महाराष्ट्र राज्य होऊन एखादं वर्ष झालं असेल. मी अलिबागला कचेरीत कारकून होतो. बायकोचं दुसरं बाळंतपणही वाया गेलं होतं. त्यानंतर तिने बोलणं जवळजवळ सोडलंच. स्वयंपाक करी, धुणं वाळत घाली, विचारलं तर 'हो' किंवा 'नाही' म्हणे. डॉक्टर म्हणाले, "त्यांचं मन कशात तरी गुंतवा."

मुंबईत एका दुकानात काचेच्या पेट्यांत रंगीत मासे पाहिले. फायटर नावाचा एक गडद निळा मासा होता, शेपटी रेशमी पदरासारखी. त्याच्यासोबत गप्पी नावाच्या चार बारक्या मासोळ्या आणि पाण्यातल्या गवताच्या जुड्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "हा एकटाच ठेवा. इतरांत सोडायचाच तर गवत दाट पाहिजे. बारक्यांना लपायला जागा लागते." भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत लाँचमध्ये बरणी मांडीवर धरून आणली.

लोहाराकडून चौकट करून घेतली, तीत काचा बसवल्या. बायको आधी बघेना. मग एकदा तिने बागेतल्या डबक्यातल्या डासांच्या अळ्या जुन्या फडक्यात गाळून आणल्या आणि माशांना घातल्या. तेव्हापासून ते काम तिचं झालं. फायटर काचेपाशी यायचा, तेव्हा ती किंचित हसायची.

चैत्रात विहिरीचं पाणी मचूळ झालं. गवत आधी पिवळं पडलं, मग कुजून विरघळलं. पेटी उघडी पडली. दुकानदाराचं बोलणं मला आठवलं होतं. फायटरला वेगळं काढायला हवं होतं. पण तो बरणीत गेला असता तर बायको खट्टू झाली असती. मी गप्प बसलो.

एका रविवारी तिची हाक आली, "अहो, लवकर या! हिला पिल्लं होतायत!"

कित्येक महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. मी धावलो. जाड पोटाच्या गप्पीतून एकेक पिल्लू सुटत होतं. नुसते डोळे आणि शेपटीचा धागा. ती बोटाने मोजू लागली, "तीन... चार... हे बघा, पाचवं!"

फायटर कोपऱ्यातून सावकाश आला. पहिलं पिल्लू त्याने गिळलं तेव्हा तिला कळलंच नाही. दुसऱ्याला ती ओरडली. मी हात घातला, तसा तो निसटला. वाटीने त्याला धरून बरणीत टाकेपर्यंत पेटीत एकही पिल्लू उरलं नव्हतं.

तिने काचेवरचं बोट मागे घेतलं.

"तो पिल्लं खातो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही गं," मी म्हणालो.

ती आत गेली. दुसऱ्या दिवसापासून अळ्या आणायचं बंद झालं. मी पोळीचे कण घाली, ते तळाशी कुजत. आठवड्याभरात फायटर बरणीतच मेला. पाठोपाठ गप्पीही गेल्या. पेटी मी भंगारात दिली. तिने ती कुठे गेली हेही विचारलं नाही.

आम्हाला पुढे मूल झालं नाही. ती लागेल तेवढंच बोलत राहिली. 'नाही गं' म्हणालो तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिलं होतं. मला वाटतं, तिला कळलं होतं. तीसएक वर्षं आम्ही समोरासमोर बसून जेवलो आणि मी ते कधी कबूल केलं नाही. आता ती नाही.